मालगाड्या आणि पर्यटन गाड्यांचे फोटो: भोर घाट, शिंदवणे, कोकण रेल्वे (जागा, ऊन, वेळ)

लूपलाईन

वेगवेगळ्या धाग्यांत विखुरलेली माहिती एका जागी यावी म्हणून हा धागा. विषय मर्यादित ठेवूया: मालगाड्या आणि डेक्कन ओडिसी, भारत गौरव, माथेरानची गाडी, विस्टाडोम (काचेच्या छताचे) डबे लावलेल्या गाड्या. सगळे फोटो मार्गालगतच्या सार्वजनिक जागेवरून. कोणता कॅमेरा घ्यावा, यावर इथे वाद नको.

सुरुवात उन्हापासून करतो, कारण बरेचसे फोटो तिथेच फसतात. जागा सुंदर, गाडी वेळेवर आणि इंजिनाचं नाक काळं ठिक्कर. आपला महाराष्ट्र आणि गोवा साधारण 15 ते 22 अंश उत्तर अक्षांशात येतो. पुण्याचा हिशेब धरला तर डिसेंबरअखेर सूर्य पूर्वेच्या दक्षिणेला सुमारे 25 अंशांवर उगवतो आणि तेवढाच दक्षिणेकडे सरकून मावळतो. म्हणजे दिवसभर तो आकाशाच्या दक्षिण भागातच असतो. जूनमध्ये उलट, उगवती आणि मावळती दोन्ही उत्तरेकडे सरकलेल्या.

याचा सरळ अर्थ असा, की उत्तर-दक्षिण धावणाऱ्या मार्गावर हिवाळ्यात उत्तरेकडे तोंड असलेल्या इंजिनाच्या नाकावर ऊन पडतच नाही. सकाळी नाही, संध्याकाळी नाही. कोकण रेल्वेवर डिसेंबरात रोह्याकडे जाणाऱ्या मालगाडीचा समोरून फोटो काढायला उभं राहणं म्हणजे वेळ फुकट. त्याच दिवशी मडगावकडे जाणारी गाडी सकाळी पूर्वेकडून किंवा दुपारनंतर पश्चिमेकडून टिपा, नाक आणि बाजू दोन्ही उजळलेली मिळतील. उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी एप्रिल-मे महिन्यांतली सकाळची पहिली आणि संध्याकाळची शेवटची वेळ राखून ठेवा, किंवा सरळ पावसाळी ढगाळ दिवस.

आणि मे ते जुलैअखेर दुपारी 11 ते 2 कॅमेरा पिशवीत. पुण्याला मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी सूर्य भर दुपारी डोक्यावर येतो. छपरावर लख्ख ऊन आणि चाकं, बोगी, ब्रेकचे दांडे सगळे अंधारात. ते नंतर संगणकावर उजळलं की राखाडी चिखल दिसतो.

ठरवायचा क्रम असा: मार्गाची दिशा, मग महिना, मग कोणत्या दिशेची गाडी हवी, मग रुळाची कोणती बाजू, आणि शेवटी जागा. बहुतेक जण जागेपासून सुरू करतात.

---

वाघीण५८

चांगला धागा. गाडी दुरून दिसताच ती कशाची आहे हे कळलं तर चौकट आधी ठरवता येते. म्हणून वाघिणींची, म्हणजे मालडब्यांची, ओळख थोडक्यात.

बॉक्सएन आणि तिच्या पुढच्या आवृत्त्या: उघड्या, उंच भिंतींच्या. कोळसा आणि खनिज. वरून, म्हणजे उड्डाणपुलावरून किंवा टेकडीवरून, फोटो काढायला हीच सर्वांत चांगली, कारण आतला माल दिसतो. रिकामी असेल तर वरून नुसते खोके दिसतात, तेव्हा खालून घ्या.

बीसीएन, बीसीएनएचएल: बंद. सिमेंट, धान्य, खत, साखर. बाजूने सपाट दिसते. वळण नसेल तर फोटोत काही घडत नाही.

बीटीपीएन: पेट्रोल-डिझेलच्या टाक्या. तिरक्या उन्हात टाकीच्या गोलाईवर उजेडाची एक लांब रेघ मिळते, त्यामुळे या गाडीसाठी सकाळचा पहिला तास.

बीएलसी: कंटेनर. पाच-पाच वाघिणींचे जोड असतात, रंग आपोआप येतात. मध्येच रिकाम्या जागा असल्या तर गाडी दात पडल्यासारखी दिसते. अशा वेळी समोरून लांब लेन्सने दाबून घ्या, फटी झाकल्या जातात.

बीआरएन: सपाट तळाच्या. कोकणात रो-रोचे (भरलेले ट्रकच गाडीवर चढवून न्यायची सेवा) ट्रक यांच्यावरच चढतात.

एनएमजी: जुन्या प्रवासी डब्यांना बंद करून मोटारी नेण्यासाठी केलेल्या. दुरून प्रवासी गाडी वाटते, खिडक्या बुजवलेल्या दिसल्या की ओळखायचं.

लांबी: बॉक्सएन एक सुमारे 10.7 मीटर, 58 वाघिणी, वर ब्रेकव्हॅन आणि इंजिन धरून साडेसहाशे मीटरच्या आसपास. बाकीचे रेकही (जोडलेल्या वाघिणींची पूर्ण रांग) 600 ते 686 मीटरमध्येच बसतात, कारण लूपमध्ये (स्थानकात गाडी बाजूला उभी करायच्या रुळावर) मावायला हवेत आणि लूपची प्रमाण लांबी 686 मीटर आहे. हा आकडा लक्षात ठेवा. नकाशावर वळण मोजताना कामाला येतो. 300 मीटरच्या वळणात पूर्ण गाडी कधीच मावणार नाही.

---

नवा_गडी

माहिती मस्त. पण मूळ प्रश्न: मालगाडी येणार कधी हे कळतं कसं? एनटीईएसवर (गाडी कुठे आहे ते दाखवणारी रेल्वेची सेवा) फक्त प्रवासी गाड्या दिसतात. मालगाड्यांचं काही ॲप आहे का?

---

सीफा_बोर्ड

नवा_गडी, नाही. मालगाड्यांचा मागोवा रेल्वेच्या एफओआयएस प्रणालीत असतो आणि तो ज्याचा माल आहे त्याच्यासाठी. कोणी "मालगाडी लाईव्ह" असं काही देत असेल तर सोडून द्या. अंदाज बांधता येतो, तो असा.

पहिलं, एनटीईएस उलटं वाचा. एका पाठोपाठ दोन एक्स्प्रेस गेल्या आणि पुढची प्रवासी गाडी तासभर नाही, अशी फट दिसली की लूपमध्ये थांबवलेली मालगाडी त्या फटीत सोडतात. एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीचाही हिशेब धरा. प्रवासी गाडीचं क्रॉसिंग ज्या स्थानकात व्हायचं, तिथे मालगाडी बहुधा आधीच उभी असते.

दुसरं, सिग्नल. स्थानकाच्या होम सिग्नलवर (स्थानकात शिरायच्या सिग्नलवर) पिवळा आणि त्याच्या डोक्यावर तिरक्या रांगेत पाच पांढरे दिवे पेटले असतील तर गाडी मुख्य मार्गावर नाही, लूपमध्ये वळणार. म्हणजे हळू येणार आणि बहुतेक वेळा थांबणार. पांढरे दिवे नाहीत आणि हिरवा आहे, तर ती थेट जाणार आणि तुम्हाला एकच संधी. लूपमध्ये उभी असलेल्या गाडीचा स्टार्टर (निघायचा सिग्नल) लालावरून उतरला की ती निघाली समजा. साडेसहाशे मीटरची भरलेली गाडी हलायला वेळ घेते, तेवढ्यात जागेवर जाता येतं.

तिसरं, फाटक. इंटरलॉक केलेलं (सिग्नलशी जोडलेलं) फाटक बंद झाल्याशिवाय सिग्नल मिळत नाही. फाटक पडलं म्हणजे गाडी काही मिनिटांत. फाटकवाल्याला "आता कोणती?" विचारायला हरकत नाही, पण तो कामावर आहे. उत्तर नाही दिलं तर पुन्हा विचारू नका.

चौथं, माझ्या नावातला बोर्ड. फाटकाच्या 600 मीटर अलीकडे सी/फा (सीटी/फाटक) चा पिवळा फलक असतो, तिथे लोको पायलट शिट्टी द्यायला लागतो. ताशी 60 ने येणाऱ्या गाडीला 600 मीटरला 36 सेकंद लागतात. शिट्टी ऐकल्यावर बॅग उघडायला घेणाऱ्याला फोटो मिळत नाही.

---

घाटवाट

वरचं सगळं सपाटीवर लागू. भोर घाटात थोडं वेगळं.

कर्जत ते लोणावळा चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागे बँकर इंजिनं लागतात. म्हणजे एकाच गाडीचे दोन फोटो मिळतात, पुढचं इंजिन आणि मागून रेटणारे बँकर. चढताना मालगाडी ताशी 30 च्या आसपास असते. 650 मीटर गाडी तुमच्यासमोरून जायला सव्वा मिनिटाच्या वर लागतं. पहिला फोटो झाला की स्क्रीन बघत बसू नका. लेन्स बदला किंवा झूम आखडा, उजेडाची बाजू तपासा आणि बँकरसाठी तयार व्हा. गाडी मागून टिपताना पूर्ण जोर लावणारं इंजिन शेवटी असतं, हे दृश्य फक्त इथे आणि कसारा-इगतपुरी, कुळें-कॅसलरॉक अशा घाटांतच मिळतं. नंतर हीच इंजिनं एकमेकांना जोडून रिकामी खाली उतरतात. ती लहान असली तरी चांगला विषय आहे.

कर्जतला बँकर लागताना दिसले की पुढची गाडी निश्चित. तिथून अंदाज बांधायला वेगळं काही लागत नाही.

उजेड: घाटाचा कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी डोंगराचीच सावली मार्गावर असते, हिवाळ्यात तर बराच वेळ. चढणाऱ्या गाडीचं नाक ढोबळ मानाने आग्नेयेला, त्यामुळे सावली हटल्यापासून साडेअकरापर्यंतची वेळ तिची. उतरणाऱ्या गाडीचं नाक वायव्येला, तिच्यासाठी एप्रिल-मेची संध्याकाळ. मार्ग वळतो भरपूर, त्यामुळे प्रत्येक वळण नकाशावर वेगळं तपासा.

जागा: खंडाळ्याला राजमाची पॉइंट आणि जुन्या महामार्गालगतच्या उघड्या जागा. लांब पडतात, 200 ते 400 मिमी लागेल. खाली पळसदरीला मार्ग वळताना दिसतो आणि खोपोलीचा फाटाही तिथेच सुटतो. मंकी हिल, ठाकूरवाडी ही नावं नकाशावर बघून रुळावरून चालत जायचा विचार कोणी करत असेल तर तो इथेच सोडा. ती रेल्वेची कामाची ठिकाणं आहेत. उतरणाऱ्या गाड्या घाटात कॅच सायडिंगच्या (ताबा सुटलेली गाडी अडवायच्या रुळाच्या) जागी थांबून ब्रेक सिद्ध करतात, तिथला प्रत्येक माणूस कामात असतो.

---

नवा_गडी

ताशी 30 म्हणजे 1/250 चं शटर पुरेल ना? आणि सपाटीवर 1/500?

---

कणकण

आकडेमोड करून बघा, अंदाज नको.

ताशी 60 म्हणजे सेकंदाला 16.7 मीटर. 1/500 मध्ये गाडी 33 मिमी पुढे सरकते. तुम्ही 30 मीटरवर, 50 मिमी लेन्स, 24 मेगापिक्सेलचा एपीएस-सी सेन्सर. प्रतिमा 600 पट लहान होते, म्हणजे सेन्सरवर 55 मायक्रॉन. एक पिक्सेल साधारण 3.9 मायक्रॉनचा. गाडी अगदी बाजूने जात असेल तर ही 14 पिक्सेलची फरपट झाली. इंजिनाचा क्रमांक वाचता येणार नाही.

रुळाशी 30 अंशांचा कोन करून समोरून घेतलं तर निम्मी, 7. 1/1000 ला साडेतीन. 1/1600 ला दोनच्या थोडं वर, आणि तेवढं चालतं. ताशी 30 असेल तर सगळं निम्मं करा. म्हणजे घाटात 1/800 पुरेल, 1/250 नाही.

स्वच्छ उन्हात एफ 8, 1/1600 साठी आयएसओ 400 लागेल. त्याला घाबरू नका. पावसाळ्यात भर ढगांत एफ 4, 1/500, आयएसओ 1600 पासून सुरू करून बघा आणि कोन जास्तीत जास्त समोरचा ठेवा.

एक्स्पोजर मॅन्युअल ठेवा. गाडी येण्याआधी त्याच उन्हातल्या खडीवर किंवा गवतावर मोजून बांधून टाका. ऑटोवर ठेवलं तर हेडलाइट चौकटीत आला की कॅमेरा सगळं काळं करतो. फोकससाठी विजेचा एक खांब ठरवा, त्याच्या पायथ्याशी फोकस बांधा आणि नाक तिथे आलं की दाबा. हल्लीचे कॅमेरे गाडी ओळखून मागे लागतात खरे, पण पावसाच्या सरीत किंवा मधल्या गवतात हमखास चुकतात.

---

वाघीण५८

> नाक तिथे आलं की दाबा

खांबाशीच नको, दोन खांबांच्या मध्ये. नाहीतर खांब इंजिनाच्या अंगातून उगवलेला दिसतो. सरळ मार्गावर दोन खांबांमधलं अंतर जास्तीत जास्त 72 मीटर, वळणावर बरंच कमी. मालगाड्यांच्या विजेच्या इंजिनांपैकी वॅग-9 साडेवीस मीटरची, सहज मावते. वॅग-12 दोन भागांची, सुमारे 38 मीटर. वळणावर तिला खांबांच्या मधली मोकळी जागा फार थोडी उरते, त्यामुळे एका क्षणाचाच खेळ. तिथे बर्स्ट (एका दमात अनेक फोटो) लावा.

खांब कोणत्या बाजूला आहेत तेही आधी बघा. दुहेरी मार्गावर दोन्ही कडांना असतात, त्यामुळे पलीकडच्या रुळावरची गाडी घेतली तर अलीकडचा खांब मध्ये येतोच. जवळच्या रुळावरची गाडी आणि थोडी उंच जागा, हा त्यातल्या त्यात बरा मार्ग.

---

बोगदा_ते_बोगदा

फोनवाल्यांसाठी आणि मिररलेसवर मूक शटर वापरणाऱ्यांसाठी: गाडी तिरकी झुकलेली येते, डब्यांचे दरवाजे समांतरभुज होतात. सेन्सर ओळ-ओळ वाचतो म्हणून. साध्या सेन्सरला पूर्ण चौकट वाचायला 1/30 सेकंदाच्या आसपास लागतं, तेवढ्यात ताशी 100 ची गाडी जवळजवळ एक मीटर पुढे गेलेली असते. 1/4000 ठेवूनही हे जात नाही. मिररलेसवर यांत्रिक शटर लावा. फोनवर तो पर्याय नाही, म्हणून बाजूने न घेता समोरच्या कोनातून घ्या. फोनचा एचडीआर बंद करा, चाकं दुहेरी दिसतात.

डब्यांवरचे एलईडी फलक वेगवान शटरला अर्धवट येतात. पाटी वाचता यायला हवी असेल तर गाडी उभी असताना 1/125.

---

कोकणची_गाडी

आता आमच्या बाजूचं. दिशेचा हिशेब लूपलाईन यांनी वर दिला आहे, तो शंभर टक्के बरोबर. फक्त एक भर: सह्याद्री पूर्वेला असल्यामुळे आणि मार्ग कटिंगमधून जात असल्यामुळे पंचांगातला सूर्योदय आणि रुळावरचा सूर्योदय वेगळा. खोल कटिंगमध्ये ऊन फक्त दुपारी उतरतं. भराव आणि पूल शोधा.

रो-रो कोलाड ते वेर्णा 1999 पासून आहे, आणि 2025 मध्ये मोटारींसाठीही गाडी सुरू झाली. ट्रकांची गाडी घ्यायची तर बाजूचा उजेड हवा, कारण ट्रकाची केबिन हाच चेहरा असतो, आणि पावसाळ्यात सगळे ट्रक ताडपत्रीत एकसारखे दिसतात. ऑक्टोबर ते डिसेंबर चांगला: हवा धुतलेली, गवत अजून हिरवं-पिवळं, ऊन तिरकं. जानेवारीनंतर धूसर होत जातं.

पानवल नदीचा पूल रत्नागिरी आणि निवसरच्या मध्ये, उंची 64 मीटर, लांबी सव्वाचारशे मीटरच्या घरात. म्हणजे पूर्ण मालगाडी पुलावर मावत नाही, दोन्ही टोकं जमिनीवर राहतात. पूर्ण गाडी पुलावर दाखवायच्या मागे लागू नका. इंजिन पुलाच्या दोन-तृतीयांश भागात आलं की खांबांची रांग आणि गाडी यांचा तोल जमतो. खालून घेतलात तर वाघिणींची फक्त कड दिसेल, गाडीपेक्षा पुलाचा फोटो होईल. तो हवा असेल तर ठीक.

उक्षी ते भोके दरम्यान करबुडे बोगदा, साडेसहा किलोमीटरचा. बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून फोटो काढायला जाऊ नका. एक तर ती रेल्वेची हद्द, दुसरं म्हणजे काळ्या तोंडातून येणारा हेडलाइट आणि बाहेरचं ऊन एका चौकटीत बसतच नाही. उक्षीला धबधबा आहे, पावसाळ्यात तिथे गर्दी असते.

पावसाळी वेळापत्रकात गाड्यांचा वेग कमी असतो आणि वेळा बदलतात. तारखा दरवर्षी जाहीर होतात, त्या बघूनच निघा. जुनं वेळापत्रक हातात घेऊन गेलात तर क्रॉसिंगचा सगळा अंदाज कोलमडेल.

पावसातलं सामान: लेन्सवर हूड, कॅमेऱ्यावर साधी जाड पिशवी, हूडभोवती रबरबँड. सूती फडकं पाणी पुसत नाही, पसरवतं. मायक्रोफायबरची तीन-चार फडकी वेगळ्या डब्यात. मोटारीचा एसी बंद करून खिडक्या उघडून या, नाहीतर थंड काचेवर दमट हवेचं धुकं धरतं आणि सुटायला 20 ते 30 मिनिटं जातात. पुसलं तरी पुन्हा येतं. जांभ्यावर शेवाळ आलं की तो डांबरी रस्त्यापेक्षा निसरडा, ट्रायपॉडचे पायही सरकतात.

---

निळी_गाडी

पर्यटन गाड्यांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

डेक्कन ओडिसी 2004 पासून, मध्ये बंद राहून 2023 मध्ये पुन्हा सुरू झाली. हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. कार्यक्रम आधी जाहीर असतो, पण त्यातल्या वेळा मुक्कामाच्या असतात, प्रवासाच्या नव्हे. कुठून सुटणार आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे पोहोचणार एवढंच कळतं. बराच प्रवास रात्री. त्यामुळे पूर्ण वेगातल्या फोटोचा हट्ट सोडा, पोहोचण्याआधीचे 30-40 किलोमीटर बघा. सकाळच्या उन्हात तीच जागा हाताशी लागते. गडद रंगाच्या चकचकीत डब्यांवर समोरचं गवत, खांब, तुमची मोटार, सगळं उमटतं. बाजूने न घेता 30-40 अंशांतून घ्या.

भारत गौरव योजना नोव्हेंबर 2021 मध्ये आली. त्यातली छत्रपती शिवाजी महाराज सर्किटची गाडी जून 2025 मध्ये मुंबईहून निघाली, म्हणजे भर पावसाळ्याच्या तोंडावर. या गाड्यांना विशेष क्रमांक असतो, तो कळला की एनटीईएसवर प्रवासी गाडीसारखा मागोवा घेता येतो. मालगाडीपेक्षा हे फार सोपं.

विस्टाडोम: डेक्कन एक्स्प्रेसला जून 2021, डेक्कन क्वीनला ऑगस्ट 2021, प्रगतीला जुलै 2022. बाहेरून घेताना छताच्या काचेत आकाश उमटतं आणि आतलं काही दिसत नाही. पोलरायझर (लेन्सवरचा फिल्टर) लावला तर प्रतिबिंब कमी होतं, पण दीड ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड जातो, म्हणजे 1/1600 चं 1/400 वर येतं, आणि मग कणकण यांचा सगळा हिशेब बिघडतो. आयएसओ वाढवायची तयारी असेल तरच. आतून फोटो काढताना पोलरायझर मुळीच नको. कडक केलेल्या काचेत इंद्रधनुषी डाग दिसतात, ते नंतर जात नाहीत. लेन्स काचेला जवळजवळ टेकवून काळ्या कापडाने कडा झाका. मुंबई-पुणे मार्गावर डब्याच्या टोकाची काच मोकळी आहे की तिला इंजिन किंवा बँकर लागणार, हे तिकीट काढण्याआधी बघा.

माथेरान: नेरळहून 1907 पासून, 610 मिमी गेज (रुळांमधलं अंतर), चढ 20 ला 1 पर्यंत. नेरळ ते माथेरान पावसाळ्यात बंद, अमन लॉज ते माथेरान शटल बहुधा चालू. झाडांखाली उजेड फार कमी, ऊन कवडशांनी पडतं. पांढऱ्या कवडशाला वाचवा, सावली नंतर उजळता येते. गाडी लहान आणि हळू, त्यामुळे 1/200 पुरतो. पॅनिंग (गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो) करायचं असेल तर 1/30. चेहरे ओळखू येणाऱ्या लहान मुलांचे फोटो जालावर टाकताना पालकांना विचारा, या गाडीत तेच जास्त असतात.

---

लूपलाईन

निळी_गाडी, उत्तम. ओडिसीच्या डब्यांना फक्त बाजूने उजेड मिळाला तर रंग मरतो का?

---

निळी_गाडी

रंग टिकतो, पण पट्ट्या आणि अक्षरं चमकून पांढरी पडतात. अर्धा स्टॉप कमी ठेवा.

---

उंचावरून

ड्रोनबद्दल कोणी बोलतच नाही. पानवलसारख्या ठिकाणी तोच योग्य.

---

सीफा_बोर्ड

बोलत नाही कारण उत्तर बहुतेक वेळा नकारच आहे. 2021 च्या ड्रोन नियमांत नकाशावर हिरव्या दाखवलेल्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत उडवता येतं, पण त्याने रेल्वेच्या हद्दीवर उडवायची परवानगी मिळत नाही, ती वेगळी घ्यावी लागते. शिवाय खाली 25 हजार व्होल्टची तार. ड्रोन तारेवर पडला तर मार्ग बंद, आणि पुढचं सगळं तुमच्या नावावर.

सुरक्षेचं एकदाच लिहून ठेवतो. रुळावर किंवा रुळाच्या हद्दीत विनापरवाना जाणं हा 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दूधसागरला 2023 च्या पावसाळ्यात रुळावर चालणाऱ्यांना सुरक्षा दलाने उठाबशा काढायला लावल्या, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. तिथला फोटो गाडीच्या खिडकीतून घ्या किंवा नका घेऊ.

तारेपासून दोन मीटरच्या आत काहीही नको: मोनोपॉड, सेल्फीची काठी, छत्री. पादचारी पुलावरून काठी बाहेर काढणं विशेष वाईट, तार पायाखाली असते आणि लक्षात येत नाही. घाट उतरणारी विजेची गाडी आवाज करत नाही म्हणावं इतकी शांत येते. दुहेरी मार्गावर एक गाडी समोरून जात असताना दुसऱ्या रुळावरची ऐकू येत नाही, म्हणून पहिली गेली की लगेच पुढे सरकायचं नाही. फ्लॅश कधीच नाही, लोको पायलटच्या डोळ्यांवर जातो.

फलाटावर साधा फोटो आणि ट्रायपॉड यांत फरक आहे. ट्रायपॉड उघडला की विचारणा होणार. व्यावसायिक काम असेल तर विभागाच्या जनसंपर्क कार्यालयाची लेखी परवानगी आधी.

---

घाटवाट

पुणे-मिरज राहिलंच. भोर घाटात गर्दी नको असेल तर शिंदवणे. स्थानकं क्रमाने: आळंदी, शिंदवणे, आंबळे, मग राजेवाडी, जेजुरी. मार्ग डोंगराला वळसे घेत चढतो आणि रस्त्यावरूनच वरचा व खालचा भाग एकाच वेळी दिसतो. लांब मालगाडी पूर्ण दाखवायला पुण्याजवळ यापेक्षा सोपी जागा नाही. विद्युतीकरणानंतर खांब आले आहेत, जुने मोकळे फोटो बघून गेलात तर निराशा होईल. थोडं उंच चढा, खांब गाडीच्या मागच्या डोंगरात मिसळतात. आकाशावर उठले तरच टोचतात.

याच मार्गावर पुढे सालपा, आदर्की, वाठार हा दुसरा चढ. हजारवाडीच्या तेल डेपोसाठी टाक्यांच्या गाड्या, आणि गाळपाच्या हंगामात साखर. मार्ग पुण्यापासून आग्नेयेला आणि मग दक्षिणेला जातो, म्हणून हिवाळ्यात मिरजेकडे जाणारी गाडी सकाळी घ्या. पुण्याकडे येणारी हिवाळ्यात विसरा.

एप्रिल-मेमध्ये सकाळी 10 नंतर तिथे 300 मिमी ने समोरून घेतलेलं काहीही तीक्ष्ण येत नाही. खडी तापते, हवा थरथरते, इंजिन पाण्याखाली असल्यासारखं येतं. शटर वाढवून किंवा महागडी लेन्स लावून हे जात नाही. जवळ जा, 70-100 मिमी ने घ्या, आणि तुमच्या व गाडीच्या मध्ये रूळ नको, शेत असू द्या.

---

नवा_गडी

शेवटचा प्रश्न. फोटोखाली काय लिहायचं? इथे सगळे इतकं लिहितात की गोंधळ होतो.

---

वाघीण५८

इंजिनाचा वर्ग आणि क्रमांक, त्याची शेड (देखभालीचं ठिकाण, बाजूवर लिहिलेलं असतं), वाघिणींचा प्रकार, भरलेली की रिकामी, दिशा, कोणत्या दोन स्थानकांच्या मध्ये, महिना आणि वेळ. बँकर असतील तर त्यांचे क्रमांक वेगळे. गाडी कुठून कुठे चालली हे माहीत नसेल तर लिहू नका, अंदाजाने "कोळसा, अमुक केंद्राकडे" असं लिहिलेलं पुढे जालावर खरं म्हणून फिरतं.

जागा नेमकी सांगायची तर विजेच्या खांबावरचा आकडा वाचा. वर किलोमीटर, खाली खांबाचा क्रमांक असतो. फोटो मोठा केला तर बऱ्याचदा चौकटीतच मिळतो. फक्त खाजगी शेतातून, मालकाला विचारून काढला असेल तर नेमकी जागा जाहीर करू नका. पुढच्या आठवड्यात तिथे वीस जण उभे राहतात आणि शेतकरी कुंपण घालतो.

---

कोकणची_गाडी

आणि ट्रकवरचे नंबर, मालकाचा फोन क्रमांक दिसत असतील तर पुसा. रो-रोच्या फोटोत हमखास असतात.